खंडेनवमीची टाकी

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्न कधी करणार तेही विचारलं नाही. अंगणातल्या पत्र्याच्या शेडच्या दारात त्या उभ्या होत्या. नाकाला बांधलेला फडका खाली ओढून त्यांनी एवढंच विचारलं, "पावणं, कान कसं हायत?"

"बरे आहेत की," मी म्हणालो.

"मग वाईट झालं. बहिरा असता तर लगेच दिली असती." आणि आत जाऊन त्यांनी बटण दाबलं.

पत्रे थरथरले, खिळ्यांचे डबे थरथरले, माझ्या हातातली पिशवीसुद्धा थरथरायला लागली. बाई त्या धडधडाटात ओरडून म्हणाल्या, "ह्यो आवाज रोज तासभर! सुट्टीत दिवसभर! चालतोय?" मी कोडोलीचा. आमच्या घराला लागूनच गुऱ्हाळ होतं आणि हंगामात इंजिन बंद पडलं की आम्ही पोरं दचकून जागी व्हायचो. "चालतोय!" मी पण ओरडलो. खोली मिळाली. पुढं कित्येक वर्षं मी त्या खोलीत काढली, आणि बाईंनी मला शेवटपर्यंत पावणंच म्हटलं.

घर मंगळवार पेठेत, तालमीच्या बोळात. पुढची बाजू बाईंच्या थोरल्या भावाची. त्यांना सगळी गल्ली आण्णा म्हणायची. मामलेदार कचेरीतनं निवृत्त झालेले, पण कचेरी काही अंगातनं निवृत्त झाली नव्हती. मागच्या तीन खोल्या बाईंच्या: स्वयंपाकघर, मधली खोली आणि मला भाड्यानं दिलेली. अंगणातली शेड मात्र वाटणीत कुणाच्याच नावावर लागली नव्हती, त्यामुळं भावंडांना भांडायला हक्काची जागा होती. किल्ली तेवढी बाईंच्या कमरेला असायची.

बाई मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या. शाळेत इस्त्रीचं पातळ, केसांचा घट्ट अंबाडा आणि "मुलींनो, मी सांगते ते नीट ऐका" अशी पुस्तकातली भाषा. घरी येऊन शेडचं कुलूप काढलं की पदर खोचला जायचा आणि "मी करतो, मी बघतो" असं आमच्याकडच्या बायकांचं अस्सल बोलणं सुरू व्हायचं. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "टाइम कुठं मिळाला?" विचारणाऱ्याला ते थट्टेचं वाटायचं. मला तरी ते खरं वाटतं.

त्या शेडमध्ये काय होतं ते सांगायला पाहिजे. आभाळापासून सुरुवात झाली होती. शाळेच्या गॅदरिंगचा पडदा बाई दरवर्षी रंगवायच्या, आणि ब्रशनं काढलेल्या आभाळात दरवर्षी रेघा दिसायच्या. "आभाळाला रेघा असत्यात व्हय?" असं म्हणून त्या स्वतःवरच चिडायच्या. एकदा उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, एक रंगारी ट्रकच्या पत्र्यावर हवेच्या बंदुकीनं रंग फवारताना त्यांनी बघितला. त्याचं काम संपेपर्यंत बाई रस्त्यात उभ्या राहिल्या, आणि घरी आल्या त्या आता हवा पाहिजे म्हणत.

हवा म्हणजे दाबून साठवलेली हवा, आणि ती साठवायची तर टाकी पाहिजे. तयार कॉम्प्रेसर मास्तरकीच्या पगारात बसणारा नव्हता. बसला असता तरी बाईंनी घेतला नसता. "इकत आणलेल्या वस्तूला हात लावायला आपन भितो," त्या म्हणायच्या. "आपन केलेली वस्तू आपल्याला भिती." म्हणून मग मोडीत निघालेल्या पिठाच्या गिरणीची मोटर आली, टायरच्या दुकानातला टाकून दिलेला पंप आला, आणि टाकी म्हणून आलं अमोनिया गॅसचं एक जुनं सिलिंडर. बर्फाच्या कारखान्यानं भंगारात काढलेलं, जाड पत्र्याचं, कमरेइतकं उंच. भंगारवाला आधी त्यांना स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर द्यायला निघाला होता. बाई त्याच्यावर उखडल्या, "ते कंपनीचं असतंय! चोरीचा माल मास्तरणीला इकतोस? लाज न्हाय वाटत?" तो बिचारा त्यांच्याच शाळेतल्या एका मुलीचा बाप निघाला.

सिलिंडरला खाली नळ आणि वर दाबाचं घड्याळ बसवायचं होतं. वेल्डर म्हणाला, "रिकामी हाय की ओ बाई, द्या हिकडं, पाच मिन्टात करतो."

"रिकामी म्हंजे काय? आत जाऊन बघून आलास?"

"आता कसला गॅस ऱ्हातोय त्यात?"

"तुझ्या बायकूला इचारून येऊ काय, तू गेलास तर चालंल का म्हणून?"

वेल्डरनं हात मागं घेतला. बाईंनी ते सिलिंडर नळाखाली उभं केलं, काठोकाठ पाणी भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. आठवडाभर हेच चाललं होतं. अंगणात नाकात झोंबणारा वास सुटला, आण्णा खिडकीतनं शिव्या घालत होते. शेवटी वासही गेला तेव्हा बाईंनी ते पाण्यानं भरलेलंच हातगाडीवर घालून वेल्डरकडं नेलं, आणि जोड मारेपर्यंत ते पाणी आतच ठेवायला लावलं. हे सगळं मी यायच्या आधीचं. पण बाईंनी मला ते इतक्या वेळा ऐकवलंय की त्या वेल्डरचा चेहराही मला आठवतो.

मग काय, पडद्यावरचं आभाळ गुळगुळीत झालं. पण टाकी आभाळावर थांबायला तयार नव्हती. गल्लीतल्या सायकली रंगल्या, ट्रंका रंगल्या, शिलाई मशीनची पायानं चालवायची पायटं रंगली. उन्हाळ्याच्या सुट्टीत उद्यमनगरातनं शेतीच्या इंजिनांची झाकणं रंगवायला यायला लागली, त्यामुळं जून महिन्यात शाळा उघडताना बाईंच्या कानामागं हिरवा रंग हमखास असायचा. आण्णांना त्याची भयंकर लाज वाटायची. "मास्तरीण हाय का रंगारीण?" ते मला विचारायचे. मी कारकून माणूस, भाडेकरू, काय बोलणार? पण एकदा बाईंनी ते ऐकलं. त्या दारात येऊन म्हणाल्या, "दोन्ही हाय. तू नुसता पेन्शनर हाईस."

रोज संध्याकाळी काम संपलं की बाई टाकीच्या तळाचा नळ सोडायच्या. हवा दाबली की तिच्यातलं पाणी तळाला साठतं आणि तेच आतनं टाकीला गंज चढवतं, म्हणून ते रोजच्या रोज काढायचं. ते पाणी त्या एका पांढऱ्या वाडग्यात धरायच्या आणि उजेडात नेऊन रंग बघायच्या. "आज निवळ हाय," असं मला खिडकीतनं कळवायच्या. मला बघायला मुलीकडची माणसं आली होती, तेव्हाही त्यांनी वाडगा हातात धरून खिडकीतनं हेच कळवलं. सोयरीक काही जमली नाही.

आणि खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं शेतकरी नांगराची पूजा करतो, कारखानदार यंत्राची करतो, रिक्षावाला रिक्षाला झेंडूची माळ घालतो. बाई त्या दिवशी टाकीची परीक्षा घ्यायच्या. टाकीतली सगळी हवा काढायची, पाणी गच्च भरायचं, आणि मग हातपंपानं त्या पाण्यावर रोजच्या दीडपट दाब चढवायचा. घड्याळाचा काटा ठरलेल्या जागेवर थांबून राहिला की टाकी पास. मग हळदकुंकू, झेंडू आणि बत्तासे. "हवा डांबून ठेवली की ती रागानं फुटती," बाई सांगायच्या. "पाण्याला राग नसतोय. टाकी फाटली तर पाणी बाहेर येतंय आणि गप बसतंय. म्हणून पाण्यानं इचारायचं." गल्लीतली दहावीस माणसं बत्ताशासाठी यायची आणि हे भाषण दरवर्षी ऐकून घ्यायची.

एका वर्षी तालमीच्या वस्तादांना ही कोरडी पूजा बघवली नाही. टाकी पास झाल्यावर त्यांनी भक्तिभावानं नारळ उचलला आणि आपला सगळा पैलवानी जोर लावून टाकीच्या खांद्यावरच फोडला, अगदी वेल्डिंगच्या जोडावर. नारळाच्या ठिकऱ्या झाल्या. बाई डोक्याला हात लावून खाली बसल्या. "वस्ताद, देव पावला, पण माझी परीक्षा गेली की!" आणि टाकीचं पाणी काढून, जोड तपासून, त्यांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदा काटा थांबेपर्यंत कुणाला बत्तासा मिळाला नाही. वस्ताद, एवढा मोठा माणूस, अंगणात हात बांधून उभे होते.

असं बरं चाललं होतं. मग एका उन्हाळ्यात आमच्या कोडोलीच्या रस्त्यावर एका पंक्चरवाल्याची हवेची टाकी फुटली. त्याच्या शेडचा पत्रा शेतात जाऊन पडला, आणि त्या माणसाचा हात गेला. बातमी गल्लीत पोचली ती आण्णांच्या तोंडून. आण्णांना ती शेड एका खताच्या दुकानदाराला गोडाऊन म्हणून द्यायची होती हे मला माहीत होतं. पण गल्लीला नुसती भीती दिसली, आणि भीती खोटी नव्हती. बायका पोरांना आमच्या अंगणात येऊ देईनात. रंगवायला दिलेली मशीनं माणसं परत न्यायला लागली.

शेवटी प्रकरण तालमीत गेलं. तालमीच्या आत बायका जात नाहीत, म्हणून वस्ताद बाहेर कट्ट्यावर येऊन बसले, आणि बाई पायरीशी उभ्या राहिल्या.

"हिनं घरात बॉम्ब ठेवलाय," आण्णा म्हणाले. "उद्या उडाला म्हंजे?"

"भ्या वाटतंय ते बरोबर हाय," बाई म्हणाल्या. "मलाबी वाटतं. म्हणून तर दरसाल पाणी भरतो."

"पाणी भरून काय हुतंय? नुसती नाटकं!"

"काय हुतंय ते बघायला ये की मग. सगळी गल्ली या. खंडेनवमीला टाकी टिकली तर परत ह्या विषयावर तोंड उघडायचं न्हाय. आणि फाटली तर शेडची किल्ली आण्णाच्या हातात देतो, तितल्या तितं."

 शेड गेली तर बाईंचं काम गेलं हे सगळ्यांना कळत होतं. वस्तादांनी विचारलं, "बाई, शब्द हाय?"

"शब्द हाय."

त्या साली पाऊस दम खायला तयार नव्हता. गगनबावड्याकडनं ढग येत होते ते येतच होते, हवा ओलीचिंब. एका संध्याकाळी खिडकीतनं "निवळ हाय" ऐकू आलं नाही म्हणून मी बाहेर गेलो. बाई वाडगा घेऊन उभ्या होत्या. पाणी चहासारखं झालं होतं आणि तळाला गंजाचे कपचे. त्यांनी लहान हातोडी घेतली आणि टाकीला वरपासनं खालपर्यंत ठोकत आल्या. सगळीकडं खणखणीत आवाज येत होता. तळाजवळ एका ठिकाणी मात्र आवाज बसका आला. त्यांनी तिथं पुन्हा ठोकलं, आणि मोटरची वायर काढून गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी त्यांना मधल्या खोलीत गाठलं. "बाई, खंडेनवमीला अजून वेळ आहे. मी उद्यमनगरातनं दुसरी टाकी बघून येतो. रंग हाच देऊ. कुणाला कळणार आहे?"

कॉपी करताना सापडलेल्या पोरीकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पावणं, पेपर फोडायला सांगता व्हय मला?"

"शेड जाईल, बाई!"

"जाईल."

"आणि आण्णा तिथं खताची पोती रचतील!"

"रचू द्या." त्यांनी मला समोर बसवलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी ह्यांना सांगतो, पाण्यात फाटली तर कुणाला लागत न्हाय. पण आजवर एकदा तरी फाटली का? न्हाय. मग कुणी बघितलंय? त्यांनी का म्हणून माझं खरं मानावं? आता फाटायला आलीया, तर मी ती लपवून ठेवू?"

मला त्यांचा असा संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. हट्टी बाई! सरळ वाट समोर दिसत असताना भिंतीवर डोकं आपटायला निघालेली! मोटर बंद, त्यामुळं घर चिडीचूप. पुढच्या बाजूला आण्णा शीळ घालत फिरायचे आणि म्हणायचे, "घाबरली बघा." ते ऐकलं की माझा राग बाईंवरनं उठून आण्णांवर जाऊन बसायचा. बाई मात्र शाळेत जात होत्या, येत होत्या, आणि हातपंपाच्या वायसरला तेल लावत होत्या.

खंडेनवमीला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर पोरं, जिन्यावर बायका, दारात वस्ताद आणि त्यांचे पठ्ठे. आण्णा स्वच्छ धोतर नेसून पुढं उभे. बाईंनी टाकी अंगणाच्या मधोमध आणवली होती. पाणी भरून झालं. त्यांनी पदर खोचला आणि खडूनं टाकीच्या तळाजवळ एक गोल काढला.

"ही जागा मला कच्ची वाटतीया," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "फाटली तर हितं फाटंल. हितं कुणी उभं ऱ्हाऊ नका, न्हायतर कपडे भिजतील."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. बाईंनी हातपंप दाबायला सुरुवात केली. काटा चढत गेला. रोजच्या दाबावर आला, त्याच्या पुढं गेला. बाईंच्या कपाळावर घाम. मी मनातल्या मनात अंबाबाईला सांगत होतो की बाईंना खोटं पाड, एवढ्या एका वेळी खोटं पाड.

फट् करून आवाज झाला. मोठाही नाही, चपाती तव्यावर फुगून फुटावी इतकाच. खडूच्या गोलातनं पाण्याची एक पिचकारी निघाली, थेट आण्णांच्या धोतरावर. घड्याळाचा काटा शून्यावर आला. पिचकारीची धार झाली, धारेचा ओघळ झाला, आणि मग टाकी नुसती ठिबकत राहिली.

"फुटली! फुटली!" पोरं ओरडली. जिन्यावरच्या बायकांनी कान झाकले होते, त्यांनी ते हळूहळू मोकळे केले. म्हातारी शेजारीण म्हणाली, "आता ग बया, एवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाल्या. त्यांनी त्या फटीवर बोट ठेवलं. "हवा असती तर आज माझी तिरडी बांधली असती तुमी. पंक्चरवाल्यानं पाण्यानं इचारलं न्हाय, हवेनं इचारलं. त्याचा हात गेला. माझं काय गेलं?"

"शेड गेली," आण्णा म्हणाले. धोतर पिळत होते, तरी हात पुढं केला होता.

वस्ताद खाकरले. "आण्णा, पोरगी खरं बोलली की ओ. जिथं म्हणाली तिथंच फाटली." गल्लीतली चार माणसं व्हय व्हय म्हणाली. त्या क्षणी बाई नुसत्या गप्प राहिल्या असत्या तर शेड वाचली असती, मी शपथेवर सांगतो. पण त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि भावाच्या हातावर ठेवली. "वस्ताद, शब्द माझा हुता. मधी पडू नका." आणि सगळ्यांना बत्तासे वाटले. पहिला आण्णांना दिला. माझ्या हातावर त्यांनी बत्तासा ठेवला, आणि मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "खावा की, साखर विरघळतीया."

दसऱ्याचं सोनं वाटून झालं. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी बोळात हातगाडीचा खडखडाट ऐकू आला. गाडीवर गॅसचं जुनं सिलिंडर, पहिल्यापेक्षा जाड, आणि मागनं पदर खोचून गाडी ढकलणाऱ्या बाई. तालमीतली दोन पोरं धावली, त्यांनी हात लावला. आण्णा ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"आता कुठं ठेवणार हे?" ते उठून म्हणाले. "शेड माझी हाय!"

"तुझीच हाय. मी कुठं काय म्हणतो?" गाडी थेट मागच्या दाराशी गेली. बाईंनी स्वयंपाकघरातला ओटा सोडून बाकी सगळं बाहेर काढलं. फडताळ अंगणात आलं, पिंप ओसरीत आलं, पाटा-वरवंटा माझ्या खोलीत आला. आठवडाभर पाणी भरणं, पाणी ओतणं, नाकात झोंबणारा वास. मग वेल्डर, मग मोटर. महिन्याभरात चुलीच्या जागी टाकी उभी राहिली आणि बाई व्हरांड्यात स्टोव्हवर भाकऱ्या भाजायला लागल्या. भाकरीला अधूनमधून हिरवा रंग लागायचा. मी खाल्ल्यात त्या.

पुढच्या खंडेनवमीला गल्ली पुन्हा जमली. या वेळी कुणी भिंतीवर चढलं नाही. सगळे स्वयंपाकघरात घुसले होते, जिथं मावतील तिथं. म्हातारी शेजारीण तर टाकीला टेकून उभी होती. शिलाई मशीनची चार पायटं रंगायला दाराशी ठेवलेली होती. आण्णा उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत.

बाईंनी पाणी भरलं, हातपंपाच्या दांड्यावर हात ठेवला.

"आणि हीबी फाटली म्हंजे गं?" आण्णांनी बाहेरनं विचारलं.

बाईंनी मान वळवून बघितलंही नाही. "फाटली तर ह्या सैपाकघराची किल्लीबी घे तू. घरात अजून दोन खोल्या हायत माझ्या." आणि त्यांनी दांडा दाबला.

त्या दोनांतली एक माझी होती. तरी टाळी सगळ्यात आधी मीच वाजवली.